ओरखड्यावर पहिला हात पॉलिशचा, कागदाचा नव्हे



साठवणीची डाळ आणि चातुर्मासातला स्वयंपाक बाजूला ठेवून आज गाडीच्या रंगाबद्दल बोलायचं आहे. हा पुरुषांचा विषय असं कुणाला वाटेल. पण गाडी आता आपल्या घरातल्या फ्रीज-मिक्सरसारखीच झाली आहे. मुलांना क्लासला सोडायला, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायला, रविवारी बोरिवलीला पोदनपूरच्या त्रिमूर्ती मंदिरात जायला आपणच ती बाहेर काढतो. मग तिच्यावर ओरखडा आला की काय करायचं, हे आपल्यालाच कळायला हवं.

आणि ओरखडा येतोच. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, खांब आणि गाडी यांच्यात वीतभर जागा असते. स्कूटीचं हँडल घासतं, मुलांच्या सायकलचं पेडल लागतं. लाल बहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोच्या कामाची धूळ गाडीवर बसते आणि सकाळी त्याच धुळीवरून कोरडं फडकं फिरतं. रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात ना, त्यातल्या बऱ्याचशा या फडक्यातून आलेल्या असतात.

माझं मत सरळ आहे. ओरखडा आला की आधी तो किती खोल आहे ते पाहावं. वरवरचा असेल तर पॉलिशने काढावा. पॉलिशने जात नसेल तरच पुढच्या उपायाचा विचार करावा. ‘घासून साफ करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात गाडी लगेच देऊ नये. आणि काही ओरखडे तसेच राहू द्यावेत. असं का म्हणते, ते सांगते.

रंग किती जाड असतो?

आजच्या गाडीच्या पत्र्यावर एकावर एक थर असतात. पत्र्याला लागून गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. गॅरेजवाले त्याला क्लिअर कोट किंवा लॅकर म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते, म्हणजे वहीच्या एका पानापेक्षा थोडीशीच जास्त. त्यातला वरचा पारदर्शक थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक आहे ती या थराची. ऊन झेलतो तोही हाच, कारण अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं मुख्यतः त्यातच असतात.

आपल्या जुन्या घरांतली मोझॅकची लादी आठवा. लग्नकार्य आलं की मशीन लावून घासून घेतात आणि लादी नवी दिसते. वीस वर्षांनी पुन्हा घासली तरी चालते, कारण ती जाड असते. गाडीचा रंग म्हणजे एक ग्रॅम सोन्याचा दागिना. वरचा मुलामा आहे तोवरच शोभा. जोरात घासला की खालचं पितळ दिसणार, आणि गेलेला मुलामा घरी बसून परत येणार नाही. तुमच्या गाडीवर तो ३५-५० मायक्रॉनचा थर कारखान्यात एकदाच चढलेला आहे. तो जपून खर्च करायचा असतो.

वडिलधाऱ्यांचा सल्ला आणि आजची गाडी

घरातले मोठे म्हणतात, ‘आमच्या फियाटला दर दिवाळीला रबिंग करायचो, काही झालं नाही.’ ते खरंच आहे. ती फियाट आणि नंतरची पद्मिनी बनायची आपल्याच कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. सोलापूरच्या जैन कुटुंबातल्या वालचंद हिराचंद यांनी ती कंपनी १९४४ मध्ये सुरू केली. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी, असं कितीतरी वर्षं समीकरण होतं. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला होता.

त्या काळच्या गाडीला वरून वेगळा पारदर्शक थर नसे. रंग हाच वरचा थर. तो उन्हाने पांढुरका पडायचा, रबिंग कंपाउंडने वरची मेलेली पापडी काढली की खाली तोच रंग ताजा मिळायचा. म्हणून पुसायच्या फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि कुणी घाबरायचं नाही. आजच्या मेटॅलिक गाडीवर घासताना फडक्याला रंग लागला, तर त्याचा अर्थ वरचा थर संपला. (काही साध्या, मेटॅलिक नसलेल्या रंगांच्या गाड्यांना आजही वेगळा वरचा थर नसतो. तिथे फडकं रंगलं म्हणून लगेच घाबरायला नको.) सल्ला त्यांच्या गाडीला बरोबर होता. आपली गाडी निराळी आहे.

‘पॉलिश’ आणि ‘पॉलिश पेपर’

इथे एका शब्दाने फसगत होते. सँडपेपरला आपल्याकडे पॉलिश पेपर म्हणतात. सुतार म्हणतो, रंगारी म्हणतो, गॅरेजवालाही म्हणतो. म्हणून ‘मॅडम, पॉलिश पेपर मारून देतो’ हे वाक्य कानाला ‘पॉलिश करून देतो’ असं ऐकू येतं. दोन्हींत मोठा फरक आहे.

पॉलिश म्हणजे मलमासारखं द्रव्य. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या खनिजाचे फार बारीक कण असतात. मऊ पॅडने ते फिरवलं की ओरखड्याच्या दोन्ही कडा झिजून गोलावतात, आजूबाजूचा पृष्ठभाग जरासा खाली येतो आणि प्रकाश पुन्हा सरळ परावर्तित होतो. रेष दिसेनाशी होते. हलक्या पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन इतकाच थर जातो. रबिंग कंपाउंड हा त्याचाच जाडसर भाऊ, तो थोडं जास्त काढतो.

कागद वेगळं काम करतो. त्याचे कण कागदाला घट्ट चिकटलेले असतात, ते सरळ कापत जातात. १००० नंबरचा कागद खरखरीत, २००० त्याहून बारीक, ३००० आणखी बारीक. कुठलाही घेतला तरी तो एक ओरखडा काढताना स्वतःचे शेकडो बारीक ओरखडे मागे ठेवतो. ती जागा धुरकट दिसते. मग ते ओरखडे काढायला कंपाउंड आणि त्यानंतर पॉलिश लागतंच. म्हणजे पॉलिश करायचंच आहे, फक्त त्याआधी आपण बराचसा थर घालवून बसलो. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, हीच अडचण. दोन-तीन उन्हाळ्यांनी बॉनेटवर नाहीतर टपावर पांढरे डाग येतात, सालपटं निघाल्यासारखं दिसतं, आणि तेव्हा कुणाला आठवतंय की तिथे कागद फिरला होता.

खोली कशी पाहायची?

यासाठी गॅरेजची गरज नाही. चार गोष्टी पाहा.

आधी ती जागा धुवून पुसून घ्या. पुष्कळदा तो ओरखडा नसतोच. खांबाचा पिवळा-काळा रंग किंवा दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या गाडीवर चढलेला असतो. बोट फिरवलं तर जागा खड्ड्यासारखी न लागता उंच लागते. असा रंग थोड्या पॉलिशने हाताने निघतो.

मग ओरखड्यावर पाण्याचा थेंब टाका. ओला असताना रेष गायब झाली आणि वाळल्यावर परत दिसली, तर ती वरच्या पारदर्शक थरातच आहे. पॉलिशने ती जाण्याची चांगली शक्यता आहे.

तिसरं, नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिश पुरे. हलकंसं अडकलं तर पॉलिशने रेष पुसट होईल, पण पूर्ण जाणार नाही. चांगलंच अडकलं तर पॉलिश करत बसू नका, तेवढा थर काढणं परवडणारं नाही.

चौथं, आतला रंग पाहा. राखाडी किंवा पांढरं प्रायमर दिसतंय, पत्रा चमकतोय, तर तिथला रंगच गेला आहे. न पॉलिशने येणार, न कागदाने. तिथे रंगच भरावा लागतो. आपल्या खाऱ्या दमट हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो, म्हणून अशी जागा पावसाळ्याआधी बंद करावी. दरवाज्याच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली रंगाचा कोड असतो, तो दाखवून टच-अप पेन घ्या. बारीक रेघ असेल तर तेवढ्याने गंज थांबतो.

घरी करायचं तर

सावलीत, गाडी थंड असताना करा. ती जागा कार शाम्पूने स्वच्छ धुवा. धुळीचा एक कण राहिला तर पॉलिश करताना तोच नवा ओरखडा पाडतो. जवळच्या काळ्या प्लॅस्टिकवर आणि दरवाज्याच्या कडांवर मास्किंग टेप लावा, कारण कडांवर थर सगळ्यात पातळ असतो.

फोमच्या पॅडवर हरभऱ्याएवढं पॉलिश घ्या. दोन तळहातांएवढ्या जागेत मध्यम दाबाने फिरवा, आधी उभं, मग आडवं. जोर लावला म्हणून लवकर जात नाही. स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसा आणि मोबाइलची बॅटरी तिरकी धरून पाहा. फरक पडला असेल तर आणखी एक-दोनदा करा. तीन वेळांत जे जायचं ते गेलं, पुढे थांबा. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावा, कारण आधीचं संरक्षण पॉलिशबरोबर निघून गेलेलं असतं.

टूथपेस्ट चालते का, असं नेहमी विचारतात. तिच्यात बारीक कण असतात, त्यामुळे अगदी हलकी रेष कधीकधी जाते. पण ते कण दातांसाठी निवडलेले आहेत, रंगासाठी नव्हेत. खोबरेल तेलाने रेष फक्त भरते, धुतलं की परत येते. पितांबरी आपल्या तांब्या-पितळेपुरतीच ठेवा. काथ्या आणि तारेची घासणी गाडीच्या जवळही नको.

मॅट रंगाची गाडी असेल तर पॉलिश मुळीच करू नका, चमकदार डाग पडतो. सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर पॉलिशने ते निघेल. पारदर्शक फिल्म चढवली असेल तर ज्याने बसवली त्यालाच विचारा.

‘पॉलिश टिकत नाही हो’

गॅरेजमध्ये हे हमखास ऐकायला मिळतं. त्यात अर्धं खरं आहे. वॅक्स, ग्लेझ किंवा तेलकट चमक आणणाऱ्या क्रीमने रेषा नुसत्या भरल्या जातात. चार धुण्यांत त्या पुन्हा दिसतात आणि आपल्याला वाटतं पॉलिश फसलं. खऱ्या पॉलिशने पृष्ठभागच सपाट झालेला असतो. तो ओरखडा परत येत नाही. आला तर तो नवा असतो. म्हणून विचारायचं, ‘भरणार आहात की काढणार आहात?’

मग कागदाला कधीच हात लावू नये का? तसं माझं म्हणणं नाही. रंग उडालेला दरवाजा नव्याने रंगवायचा तर आधी तो घासावाच लागतो, नाहीतर नवा रंग धरणार नाही. एखादी रेष नखाला जेमतेम लागते, पॉलिशने अर्धी उरली, तर जाणकार माणूस तेवढ्याच जागी २५०० किंवा ३००० चा कागद पाणी लावून हलक्या हाताने फिरवतो. पण तो आधी जाडी मोजण्याचं यंत्र लावून वरचा थर पुरेसा आहे की नाही ते पाहतो. साधं यंत्र पत्र्यावरच चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही. तिथे जास्तच सांभाळावं लागतं. मोजमाप न करता कागद उचलणाऱ्याला माझा विरोध आहे.

पॉलिशचंही तसंच. तेही थर खातंच, थोडा का होईना. दर दिवाळीला मशीन लावून ‘फुल रबिंग’ करणं म्हणजे मुलामा हळूहळू उतरवणंच. गरज असेल तिथे, तेवढंच.

पैसा आणि माणसं

एका रेषेसाठी पूर्ण दरवाजा रंगवायचा, आणि ‘इन्शुरन्समध्ये जाईल, तुमचा खर्च नाही’ असं सांगितलं जातं. जरा हिशेब करा. दावा न केलेल्या वर्षांसाठी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. छोट्या ओरखड्यासाठी दावा केला की ती सूट शून्यावर येते, वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर. शिवाय पुढे गाडी विकताना घेणारा तेच जाडीचं यंत्र लावून पाहतो आणि रंगवलेला दरवाजा त्याच्या नजरेतून सुटत नाही. कारखान्यातला मूळ रंग शाबूत असणं ही गाडीची किंमतच आहे.

आता आपल्या घरांत जास्त महत्त्वाची गोष्ट. कोरड्या कागदाने घासताना रंगाची आणि प्रायमरची बारीक धूळ उडते. नंतर मारायचा रंग आणि लॅकर घट्ट करणाऱ्या द्रव्यांत आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने रंगाऱ्यांना दमा होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्रात पक्कं माहीत आहे. मोठ्या वर्कशॉपमध्ये बंद बूथ आणि मास्क असतात. गल्लीतल्या छोट्या गॅरेजात पुष्कळदा तोंडाला रुमाल बांधलेला एक मुलगा असतो. आपण पाणी गाळून पितो, दिवेलागणीआधी जेवतो, पायाखाली जीव येऊ नये म्हणून जपतो. जी रेष दहा मिनिटांत हाताने गेली असती, तिच्यासाठी त्या मुलाच्या छातीत ती हवा जायला नको, हा विचार त्याच वळणाचा आहे. गरज असेल तिथे रंगकाम होणारच. गरज नसताना करवून घेणं आपल्या हातात आहे.

साहित्य घेतानाही पाहावं. पॉलिशचे पॅड मेंढीच्या लोकरीचे असतात आणि फोमचेही. गाडी पुसायचं ‘शॅमॉय’ हे मूळचं कातडं, आता त्याच नावाने कृत्रिमही मिळतं. वॅक्समध्ये कार्नोबा असेल तर ते ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण. पण काही मिश्रणांत मधमाशीचं मेणही घातलेलं असतं. डब्यावरची माहिती वाचा, नसेल तर दुकानदाराला विचारा. फोम, मायक्रोफायबर आणि कृत्रिम सीलंट घेतलं तर काम कुठेच अडत नाही.

आणि गाडी पुसणारा मुलगा. रेष दिसली की पहिलं नाव त्याचं येतं. त्याला आपण दिलेलं फडकं कुठलं असतं? जुन्या बनियनचं, महिनाभर तेच, आणि एका बादलीत दहा गाड्या. दोन मायक्रोफायबर कापडं आणून द्या. आधी पाणी मारून धूळ वाहून जाऊ दे, मग पूस, असं सांगा. पाण्याची टंचाई असेल त्या दिवशी कोरडं पुसण्यापेक्षा गाडी मळकी राहिलेली बरी.

सगळ्यात शेवटी आपलं स्वतःचं. कितीतरी घरांत पहिल्या ओरखड्यानंतर सुनेच्या किंवा मुलीच्या हातून चावी जाते. ‘तू नको चालवू, मी सोडतो’ असं प्रेमाने म्हणतात, आणि सहा महिन्यांत तिचा हात सुटतो. केसापेक्षा पातळ थरातली ती रेष. पाण्याच्या थेंबाने दिसेनाशी होते की नाही ते आधी पाहा. होत असेल तर रविवारी सावलीत बसून हरभऱ्याएवढं पॉलिश लावा आणि सोमवारी तीच गाडी घेऊन बाहेर पडा. नाही गेली पूर्ण, तर राहू दे. आपल्या गल्ल्यांत चालणाऱ्या गाडीवर एखादी रेष असायचीच.

गॅरेजात जावंच लागलं तर तीन वाक्यं लक्षात ठेवा. आधी हाताने एका कोपऱ्यात पॉलिश करून दाखवा. कागद लावायचा असेल तर आधी जाडी मोजून सांगा. आणि माझ्यासमोर करा.

जय जिनेंद्र.